खणणाऱ्याचा वाटा

मिसेस उना प्रिडमोर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक कुंपण होतं, एक पाण्याचा पाइप होता आणि त्या पाइपातून सुटलेली एक नदी होती. टास्मानियातल्या नद्यांच्या यादीत तिचं नाव नाही, पण घालायला हरकत नव्हती. ब्रॅकनफोर्डमध्ये औषधांचं दुकान घेऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. नव्या गावात ओळखी वाढवाव्यात म्हणून संध्याकाळी फिरायला निघालो, तो चर्च स्ट्रीटच्या चढावर फुटपाथवर एक पांढरी पाकळी पडलेली दिसली. बशीएवढी, आणि मधोमध लाज वाटल्यासारखी गुलाबी. मी वाकलो आणि ती उचलली. माझा गुन्हा एवढाच. पुढच्या क्षणी माझी टोपी रस्त्याच्या पलीकडे, चष्मा गटारात, आणि मी एका टपालपेटीला मिठी मारून उभा होतो. आमच्या अग्निशमन दलाच्या पंपालाही तेवढा जोर नव्हता. दलाच्या कॅप्टननं पुढे मला खासगीत सांगितलं की तो पाइप उसना मागायचं दलाच्या मनात होतं, पण मागायला जाणार कोण, यावर बैठक फिसकटली.

"ती पाकळी माझी आहे," कुंपणापलीकडून आवाज आला.

मी निथळत पुढे गेलो आणि पाकळी परत केली. बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली, मी मधला थोडा भाग खाल्ला असावा अशा संशयानं, आणि ॲप्रनच्या खिशात घातली. मग पाइप बंद केला. पाणी वाया घालवणं त्यांना पसंत नव्हतं.

आमच्या गावात बँकेचा मॅनेजर डेव्ह, पाद्री ग्रॅहम, आणि एकदा राज्याचे एक मंत्री आले होते त्यांनाही लोक केव्ह म्हणून हाक मारून मोकळे झाले. प्रिडमोरबाई मात्र मिसेस प्रिडमोर. त्यांच्या नवऱ्यानंही कधी उना म्हटलं असेल असं गावाला वाटत नव्हतं. तो बिचारा लेस मी येण्याआधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. बाग होती.

आता ब्रॅकनफोर्डच्या बागांविषयी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इथे रोप विकत घेणं हा जवळजवळ व्यभिचार समजला जातो. रोपवाटिका काढायला दोघे आले आणि दोघे उपाशी मरता मरता परत गेले. इथे झाड मागून आणायचं असतं. "एक तुकडा दे ना," एवढं म्हणायचं, समोरचा लगेच खुरपं घेऊन गुडघ्यावर बसतो. आमच्या बागकाम मंडळाचा अध्यक्ष गार्थ लव्हेल, निवृत्त हेडमास्तर, याच्या आजीची पिवळी लिली गावातल्या एकशे चाळीस अंगणांत आहे. गार्थ रस्त्यानं जाताना प्रत्येक कुंपणाशी थांबून तिची हजेरी घेतो. फक्त प्रिडमोरबाईंनी कुणाला काही दिलं नाही. छाटलेल्या फांद्या त्या जाळत. बियांची बोंडं पिकण्याआधी कात्रीनं उडवत. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात त्यांची ती बशीएवढ्या पाकळ्यांची पांढरी पिओनी दरवर्षी येई, फक्त एक फूल, दरवर्षी पहिली येई, आणि बक्षीस जाहीर झाल्यावर बाई फूल घेऊन घरी जात. बक्षिसाची फीत तिथेच ठेवून.

झाड कुणी पाहिलं नव्हतं. घराभोवती पुरुषभर उंच सायप्रसचं दाट कुंपण, मागच्या अंगणात कुणाला प्रवेश नाही. शेजारी नोरीन कट्स राहायची, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारी, रुंद खांद्यांची, बोलायला सावकाश. ती सव्वीस वर्षं दर जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, पिओनी हलवायच्या दिवसांत, कुंपणाशी उभी राहून विचारायची, यंदा एखादा तुकडा निघेल का. आणि सायप्रसमधून उत्तर यायचं, "जास्तीची नाही." सव्वीस वर्षं त्या दोघी एका झुडपाशी बोलल्या. मी नोरीनला विचारलं होतं, कशाला तोंडाची वाफ दवडतेस. ती म्हणाली, विचारलं नाही तर बाईंना वाटेल मी रागावले.

मला त्या झाडाची गोष्ट कळली ती औषधांमुळे. बाईंचं कमरेचं हाड दुखायला लागलं, पायऱ्या उतरवेनात, मग मी गोळ्या घरपोच देऊ लागलो. तिसऱ्या खेपेला चहा मिळाला. सहाव्या खेपेला बिस्कीट. आणि एका खेपेला, मी काही विचारलं नसताना, भिंतीकडे बघत त्यांनी सांगितलं. सदुसष्टच्या वणव्यात त्यांच्या आईचं डोंगरातलं शेत गेलं. दुपारी एक वाजता घर होतं, तीन वाजता नव्हतं. पियानो, मेंढ्या, फोटो, आईच्या लग्नाचे बूटसुद्धा. आई वाचली, पण ऑगस्टमध्ये गेली, तिला जगण्यात काही राम वाटला नाही. सप्टेंबरात बाई शेत बघायला गेल्या तर राखेतून लालसर कोंब वर आले होते. पिओनीचे. मुळं खोल होती म्हणून वाचली. पुढच्या जूनमध्ये त्यांनी ती खणली, पोत्यात गुंडाळली आणि बसमधून मांडीवर घेऊन आल्या. आईची तेवढीच एक वस्तू राहिली होती.

मी म्हणालो, हे गावाला माहीत नाही. माहीत असतं तर कुणी मागितली नसती.

"गावाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "लोकांना दया आली की लोक हक्क सांगायला लागतात."

मी शब्द दिला. आयुष्यात मी बरेच शब्द दिले आणि बरेच मोडले. हा पाळला, याचं मला अजून वाईट वाटतं.

हाड काही सुधारलं नाही. शेवटी डॉक्टरनं सांगितलं की चर्च स्ट्रीटचा चढ आणि बाई यांतलं एक काहीतरी आता ठेवा. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर वृद्धांसाठी बांधलेली लहान लहान युनिटं आहेत, प्रत्येकाला पुढे एक वाफा, दोन माणसं झोपतील एवढा. त्यातलं चार नंबरचं त्यांनी घेतलं. घर सिडनीच्या एका जोडप्याला विकलं. त्यांना फक्त डोंगराचा देखावा हवा होता आणि तो सायप्रसच्या मागे असल्याची त्यांची तक्रार होती. घर विकलं की जमिनीत रुजलेलं सगळं घराबरोबर जातं, असा आमचा कायदा. म्हणून इथला माणूस करारात आणखी काही लिहो न लिहो, झाडं नेण्याची मुभा लिहून घेतो. बाईंनी जूनअखेरपर्यंतची घेतली. मग त्यांनी जे केलं ते स्वतःचं नाक मुठीत धरून केलं असणार. मंडळाला पत्र लिहून खणणी मागितली.

खणणी ही आमची रीत. कुणी घर सोडलं की एका शनिवारी सगळं मंडळ फावडी, ढकलगाड्या आणि गोणपाट घेऊन हजर होतं, बाग उपसून नव्या जागी नेऊन लावून देतं. घरमालकानं चहा आणि स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे पाव, द्यायचे. मजुरी नाही, पण दोन नियम आहेत. नव्या जागेत मावणार नाही ते गावानं वाटून घ्यायचं. आणि ज्यानं मोठं झाड खणलं त्यानं त्याचा एक तुकडा न विचारता घरी न्यायचा. याला म्हणतात खणणाऱ्याचा वाटा. ज्या बाईनं चाळीस वर्षांत गावाला काडी दिली नव्हती, आणि जी स्वतः कुणाच्या खणणीला गेली नव्हती, तिच्या अंगणात आता हा नियम शिरणार होता.

मंगळवारी मंडळाची सभा भरली. मी सचिव, वही माझ्याकडे. एवढी हजेरी मी कधी पाहिली नव्हती. ज्यांच्या पायात संधिवात होता ते फावड्याला टेकून आले होते. कुणी म्हणालं, चाळीस वर्षांचं व्याज धरून वाटा घेऊ. कुणी विचारलं, एका पिओनीचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात. गार्थनं फळ्यावर चित्र काढून सांगितलं की प्रत्येक तुकड्याला तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, हव्यात, आणि जुन्या झाडाला चाळीसेक डोळे असतील. खोलीत हिशेब सुरू झाले. मीही हसत होतो. दिलेला शब्द तोंडात गुळणीसारखा धरून हसत होतो.

तेव्हा नोरीन उभी राहिली. नोरीन सभेत बोलत नाही, सभेनंतर खुर्च्या उचलते. त्यामुळे सगळे गप्प झाले.

"पांढरीला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "ती अख्खी जाईल."

गार्थ म्हणाला, अगं, तूच तर सव्वीस वर्षं मागतेयस.

"मागतेय ना. दिली तर घेईन. बाई पायानं अधू झाल्यावर तिच्या अंगणातून उचलून आणली, तर ती मला मिळाली असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

मग गार्थनं घसा खाकरून ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला, म्हणजे काहींनी हात वर करताना छताकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं. मी विचारलं, हे बाईंना कळवू का. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भर सभेत पँट काढतो की काय. आमच्याकडे उपकार करायला कुणाची ना नसते, पण तो बोलून दाखवणं म्हणजे माणसाच्या अंगावर थुंकणं. शेजाऱ्याचं गवत कापायचं तर तो बाहेरगावी गेला की कापायचं, आणि त्यानं विचारलं तर म्हणायचं, मशीन आपोआप तिकडे वळलं. तेव्हा बाईंना काही कळवलं नाही.

शनिवारी सकाळी सगळं गाव पांढऱ्या दंवाखाली होतं. चौदा जण चर्च स्ट्रीटवर जमलो. सायप्रसच्या मागचं अंगण मंडळानं पहिल्यांदा पाहिलं, आणि देवळात शिरल्यासारखे सगळे टोप्या काढून उभे राहिले. पिओनीचा वाफा मागच्या भिंतीशी होता. जूनमध्ये पिओनी म्हणजे काहीच नसतं. खोड जमिनीसपाट कापलेलं, वर शेणखत, आणि प्रत्येक झाडाशी जस्ताची एक पट्टी, ठोकून अक्षरं उमटवलेली. अकरा झाडं, अकरा पट्ट्या. कोण पांढरं, कोण लाल, हे ती पट्टीच सांगणार. जमिनीतल्या डोळ्यांचा रंग किंचित निराळा असतो म्हणतात, पण ओल्या काळ्या मातीत तो ओळखायला देवाचा डोळा हवा.

बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर काठी, न्यायाधीशासारख्या. त्यांनी यादी वाचली. युनिटच्या वाफ्यात दोन पिओनी मावतील. पांढरी आणि जुनी लाल. बाकीच्या नऊ गावानं वाटून घ्याव्यात.

नऊ पिओनी. कुणाचा कानावर विश्वास बसेना. गार्थच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला शाळेच्या झेंडावंदनालाही येतं, पण तरी. फक्त जुनी लाल कशाला, हे कुणाला उमगलं नाही. ती लाल पिओनी आमच्याकडे गवतासारखी आहे, प्रत्येक आजीच्या दाराशी, प्रत्येक कबरीपाशी. मग नोरीननं मला बाजूला घेऊन हळूच समजावलं. बाईंना वाटतंय आपण पांढरीतली अर्धी नेणार, म्हणून उरलेली जागा भरायला लाल मागितलीय. बिचारी. मला ते पटलं. तिथे सगळ्यांना पटलं.

खड्डे दाखवायला म्हणून मी बाईंना गाडीतून युनिटवर घेऊन गेलो. वाटेत त्या खुशीत होत्या. त्यांनी मला गाडीच्या काचा स्वच्छ नाहीत असं सांगितलं, एवढ्या खुशीत.

मागे काय झालं ते मला नंतर गार्थनं सांगितलं. "पांढरी" अशी पट्टी असलेलं झाड नोरीननं एकटीनं खणलं, दोन तास. लांबून चर काढत, हातानं माती सोडवत, मुळं शेंगांसारखी एकेक मोकळी करत. एक तुटलं नाही. तिनं ते आपल्या घरातल्या ब्लँकेटात गुंडाळलं. पण अख्खं झाड म्हणजे ढकलगाडीत मावेना एवढं. ते गेलं तर युनिटच्या वाफ्यात दुसऱ्याला जागाच नव्हती. मग लालचं काय. नोरीन म्हणाली, राहू दे, बाईंची पांढरी मोकळी वाढावी. लाल खणून त्यांनी रस्त्याकडेच्या गवतावर ठेवली, शेजारी पुठ्ठा लावला: फुकट, न्या. दहा मिनिटांत एक निळा पिकअप थांबला, अनोळखी माणूस उतरला, त्यानं ती मागे टाकली, हात हलवला आणि होबार्ट शहराच्या दिशेनं गेला.

ट्रेलर युनिटवर आला तेव्हा नोरीन त्यावर झाडाला धरून उभी होती, केसांपर्यंत चिखल, आणि तोंडावर असा आनंद की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"एक मूळ तुटलेलं नाही, मिसेस प्रिडमोर," ती म्हणाली. "अख्खी आणलीय."

बाईंनी ब्लँकेटाकडे पाहिलं. मग ट्रेलरकडे. मग ट्रेलरच्या मागे.

"आणि लाल?"

"लाल देऊन टाकली. तिचं काय घेऊन बसलात? माझ्या दाराशी पोत्यानं आहे, हवी तेवढी देते."

"कुणाला दिली?"

कुणालाच माहीत नव्हतं. निळा पिकअप, एवढंच. बाई उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या. चौदा माणसं त्यांच्याकडे बघत होती, सगळ्यांच्या हाताला त्यांच्या बागेची माती होती.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकला. गार्थ वळून नाक शिंकरायला गेला. आम्ही झाड लावलं, डोळे मातीखाली दोन बोटं, जास्त खोल नाही, आणि पाणी घातलं. स्कोन चांगले झाले होते.

सोमवारी बाई काठी टेकत दुकानात आल्या आणि एक कागद पुढे केला. मंडळाच्या पत्रकात आणि होबार्टच्या पेपरात जाहिरात द्यायची होती. खणणीच्या दिवशी चर्च स्ट्रीटवरून कुणी जुनी लाल पिओनी नेली असल्यास परत करावी. बदल्यात पांढरी मिळेल. मी हसलो. म्हणालो, उलट लिहिलंय.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि खोकल्याच्या औषधांच्या कपाटाकडे बघत सगळं सांगितलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी पट्ट्या बदलल्या होत्या. एका गुडघ्यावर, काठी बगलेत धरून, दोन पट्ट्या उपटून परत ठोकायला त्यांना दीड तास लागला. पांढरीवर लालची, लालवर पांढरीची. गावानं वाटा घ्यायचा तो लालमधून घ्यावा, आणि आईचं झाड लाल म्हणून अख्खं यावं. "चौदा जण येणार होते," त्या म्हणाल्या. "चौदा तुकडे केल्यावर मागे काय राहतं?"

सभेची वही काउंटरखालच्या खणात होती, माझ्या गुडघ्याला लागत होती. तिच्यात लिहिलं होतं की मागे सगळं राहणार होतं. पट्ट्या बदलल्या नसत्या तर नोरीननं ते झाड मूल आणावं तसं आणून दिलं असतं. मी खण उघडला नाही. मला वाटलं, झाड गेलं, तेवढं पुरे, हे कशाला. लोक याला दया म्हणतात. मला वाटतं तो भित्रेपणा होता, कारण त्या वेळी मला फार सोपं वाटलं होतं.

जाहिरात तीन आठवडे आली. एकानंही उत्तर दिलं नाही. गावात मात्र गहजब झाला, बाईंचं डोकं फिरलं म्हणून. फक्त नोरीन म्हणाली, म्हातारीचं मन मऊ झालंय, सगळं वाटून टाकायला निघालीय. आणि मग ती रोज युनिटवर जायला लागली. सूप घेऊन, खत घेऊन. वाफ्यातलं तण ती हातानं काढायची, लोखंड लावायची नाही.

पिओनी हलवली की रुसते. दोन वर्षं, तीन वर्षं, नुसती पानं. पानं सगळ्यांची सारखी. त्या पहिल्या नोव्हेंबरात मी आणि बाई रविवारी गाडीनं निघायचो, होबार्टच्या वाटेवर, ताशी वीसच्या वेगानं, कुंपणांवरून डोकावत. आमच्या मागे गाड्यांची अंत्ययात्रा लागायची. पोलिसानं एकदा थांबवून विचारलं की काही हरवलंय का. बाई म्हणाल्या, "नाही, देखावा बघतोय." आम्ही पांढऱ्या पिओनी बऱ्याच पाहिल्या. बाई काच खाली करून एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "चला." दुसऱ्या नोव्हेंबरातही गेलो. आईचं झाडही नव्या जागी रुसलं असेल, पानांत असेल, कुणाच्या तरी गॅरेजमागे. पानांवरून ओळखणार कोण. तिसऱ्या वर्षी बाईंनी गाडीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी युनिटच्या झाडाला कळ्या धरल्या होत्या. बाईंनी त्या रंग दिसण्याआधी कात्रीनं उडवल्या आणि नोरीनला सांगितलं, थंडीनं जळाल्या. नोरीन हळहळली. पुढच्या हिवाळ्यात तिनं वाफ्यावर पेंढा घातला, दंव पडेल त्या दिवशी सकाळी सातला येऊन हात लावून बघायची. बाईंनी मला विचारलं, दुकानात असं काही आहे का, की झाड मरेल आणि कळणार नाही. मी नाही म्हणालो. होतं. पण त्या पेंढ्यात नोरीनचे हात असायचे.

मला कुणी विचारलं की बाईंना शिक्षा काय झाली, तर मी म्हणेन, नोरीनचं सूप. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाचं काही घेतलं नाही, ती रोज दुपारी त्या सावकाश बोलणाऱ्या बाईनं आणलेला डबा घ्यायची, आभार मानायची, आणि खिडकीतून त्या लाल झाडाची चाललेली पूजा बघायची. जवळजवळ अडीच वर्षं.

तिसऱ्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाईंच्या छातीत कफ भरला आणि त्यांना आठ दिवस हॉस्पिटलात ठेवलं. कात्री घरी राहिली. मी त्यांना आणायला गेलो, गाडी युनिटच्या फाटकाशी लावली, तर नोरीन वाफ्याशी उभी होती. हातात झारी आणि प्रदर्शनाचा अर्ज. बाईंच्या नावानं ती फूल ठेवणार होती. झाडावर चार फुलं उघडली होती. लालभडक, कबरीवरची.

बाई काठी टेकत आल्या. नोरीन वळली नाही.

"मिसेस प्रिडमोर, ही लाल आहे."

"हो."

नोरीन बोलायला सावकाश आहे, पण तिचं डोकं सावकाश नाही. ती फुलांकडे बघत राहिली आणि तिचं सगळं जागच्या जागी बसत गेलं.

"पट्टी बदलली होतीत."

"हो."

"आम्ही तुकडे करू म्हणून."

बाईंनी काठीच्या टोकानं वाफ्याच्या कडेचं एक ढेकूळ फोडलं.

"मी सभेत सांगितलं होतं, पांढरीला कुणी हात लावायचा नाही. या केमिस्टला विचारा. यानंच लिहून घेतलंय."

बाई माझ्याकडे वळल्या. हॉस्पिटलचा पट्टा अजून मनगटावर होता.

"लिहून घेतलंय?"

मी म्हणालो, हो. खणणीच्या आधीच्या मंगळवारी.

त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या नोरीनकडे बघून म्हणाल्या, "ती माझ्या आईची होती. वणव्यातून राहिलेली."

"मग सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर?"

"तर मी मागितली नसती," नोरीन म्हणाली. "एकदाही."

तिनं झारी खाली ठेवली. अर्जाची घडी करून खिशात घातली. वाफ्याच्या कोपऱ्यावर सुपाचा डबा होता, तो उचलला, विचार केला, आणि परत ठेवला. मग फाटक उघडून निघून गेली. तिनं फाटक लावून घेतलं, आपटलं नाही.

त्यानंतर नोरीन युनिटवर आली नाही. बाई माझ्याशी बोलत, पण गोळ्यांपुरतं. चहा बंद झाला. मंडळात ती गोष्ट कुणी काढली नाही, पण पुढच्या सभेत गार्थनं सुचवलं की यापुढे ठराव संबंधित माणसाला लेखी कळवावेत. ते बहुमतानं फेटाळलं गेलं. फार उद्धट दिसेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

फेब्रुवारीत प्रिडमोरबाई वारल्या. चार नंबरच्या युनिटपुढचा वाफा सिमेंटनं बुजवून टाकला आहे. तिथे आता कचऱ्याचे डबे ठेवतात.